चांद्या-खैऱ्याचं आवतन

माणूस दमून पडला म्हणून ज्या खेळात त्याची शेळी काढून घेतात, त्या खेळाला निवांत म्हणणाऱ्याची जीभ झडो, असं मी माझ्या लेकीला फोनवर सांगितलं तेव्हा ती खो खो हसली होती. मला मात्र हसू येत नव्हतं. शेळी गेली होती ती आमच्या घरातली.

मी शोभा. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे चूक दिसली की बोलल्याशिवाय राहवत नाही. घरचे याला तापट स्वभाव म्हणतात, म्हणोत बापडे. आमचे हे, वामनराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. गेल्या फाल्गुनात त्यांना अर्धांगाचा झटका आला. धंतोलीच्या दवाखान्यातून घरी आले ते उजवा हात आणि बरेचसे शब्द तिथेच ठेवून आल्यासारखे. ज्यांच्या गप्पांपुढे माझा चहा कढून काळा व्हायचा, ते आता दोन-तीन शब्द बोलून थांबत. डाव्या हातात चमचा धरून जेवत, आणि जेवताना कुणी पाहिलेलं त्यांना खपत नसे. देवाला नैवेद्य दाखवणंही सोडलं. मी ताट पुढे केलं तर म्हणाले, "डाव्यानं नाई," आणि ताट माझ्याकडे सरकवलं.

दीक्षा नावाची एक गोड मुलगी व्यायाम करून घ्यायला घरी यायची. चेंडू दाबा म्हटलं की हे भिंतीकडे बघत बसायचे. एक दिवस ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "काकू, हात चाल्ला पाह्यजे. आता जे येईल ते येईल, हे महिने गेले की मंग लई कठीण हाय. काकाले मनापासून करावं वाटन असं काही तरी द्या."

मनापासून करावं वाटेल असं काय द्यायचं, ते रितिकाला सुचलं. ती आमची एकुलती एक, पुण्यात नोकरी करते. तिने एक टॅबलेट पाठवला आणि त्यात शेतीचा खेळ घालून दिला. खेळाचं नाव इंग्रजी आहे आणि मला ते नीट उच्चारता येत नाही, म्हणून मी त्याला शेतच म्हणते. कुठल्याशा थंड देशातल्या चार-पाच जणांनी मिळून केलेला. एक लहानसं घर, पुढे रान, मागे टेकडी. नांगरायचं, पेरायचं, गुरं पाळायची. तिथलं घड्याळ आपल्याबरोबर चालतं, म्हणजे आपल्याकडे उजाडलं की तिकडेही उजाडतं. पहिल्या सकाळी टेकडीमागून उजेड आला, गवतावरचं दव चमकलं आणि कुठूनतरी गाय हंबरली. मी पोळी लाटायची सोडून बघत राहिले. पण हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण आदल्या दिवशीच असल्या खेळांना मी रिकामटेकड्यांचे उद्योग म्हटलं होतं.

यांना मिळालेले बैल पाहून तर मला कीवच आली. अंगभर मेंढीसारखे केस, डोळ्यांवर झिपऱ्या. वामनराव कितीतरी वेळ त्यांच्याकडे पाहत होते. मग त्यांचा अर्धा चेहरा हसला, कारण तेव्हा अर्धाच हसायचा. "वशिंड नाई," ते म्हणाले. आजारपणानंतर ते पहिल्यांदा हसले ते या बिनवशिंडाच्या बैलांना. रामटेकजवळ त्यांचं गाव, घरी धानाची शेती. लहानपणी घरी जी जोडी होती तिचीच नावं यांनी या केसाळ परदेश्यांना दिली, चांद्या आणि खैऱ्या.

दीक्षाची अट एकच होती, खेळायचं ते उजव्या बोटानेच. टॅबलेट टेबलावर आडवा ठेवायचा, शेजारी मनगट टेकवायचं आणि तर्जनी सरकवत सरकवत काचेवर टेकवायची. जी टिचकी रितिकाचं बोट पापणी लवायच्या आत मारतं, तिला यांना इतका वेळ लागे की माझा एक कांदा चिरून व्हायचा. पण चेंडूकडे पाठ फिरवणारा माणूस चांद्याला खरारा करायला तासभर बसायचा. आषाढापर्यंत पाची बोटं हलू लागली. हात मात्र टेबल सोडून वर उठत नव्हता. दीक्षा म्हणायची, येईल.

आणि मग ती शेळी गेली.

खेळात आपल्या माणसाच्या डोक्यावर एक हिरवी पट्टी असते. काम केलं की ती आटते, खाल्लं की भरते, नाहीतर रात्री घरी झोपल्यावर. पट्टी संपली की माणूस जागीच कोसळतो. सकाळी तो घरात उठतो खरा, पण जे जनावर त्याला सगळ्यात जास्त लळा लावून असतं, तेच गोठ्यातून गेलेलं असतं, कायमचं. हे आम्हाला माहीत नव्हतं. एका दुपारी हे तण काढता काढता कोसळले आणि दुसऱ्या दिवशी काबरी नावाची शेळी नव्हती. वामनरावांनी टॅबलेट पालथा घातला. पुढे आठवडाभर हात मांडीवर तसाच पडून. दीक्षाने बोटं उघडून पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. "पुन्हा आखडून राह्यले, काकू."

माझं डोकंच फिरलं. मी कागद घेतला आणि त्या कंपनीला पत्र लिहिलं, शुद्ध मराठीत. 'आपण आपल्या खेळास शांत व सुखद म्हणता. श्रमाने थकलेल्या मनुष्यास त्याच्या जिव्हाळ्याचे जनावर हिरावून शासन करणे, हे कोणत्या शांततेत बसते?' रितिकाने ते इंग्रजीत करून पाठवलं. तिने सांगितलं की जगभरातले खेळणारे याच गोष्टीवरून भांडत असतात. कुणी म्हणतं, एवढी कडक शिक्षा असेल तर असल्या खेळात कशाला यायचं, ऑफिस काय वाईट आहे. कुणी म्हणतं, गमावण्याची भीतीच नसेल तर जपायचं कशाला. कंपनी सगळ्यांना एकच उत्तर देते, आणि मलाही तेच आलं. 'पडलेल्या माणसाला वाचवायचा एक मार्ग खेळात आहे. तो तुम्हाला सापडो.' लोकांनी टेकड्या खणून काढल्या होत्या, नदीचा तळ धुंडाळला होता, औषधी मुळ्या उकळून पाहिल्या होत्या. कुणालाच काही सापडलेलं नव्हतं.

"काही नाही गं," मी रितिकाला म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं. शिक्षा कमी करायची नाही, म्हणून वाटेल ते ठोकून देतात."

पुढे कसेबसे हे पुन्हा खेळायला बसले. काबरी गेल्यावर सगळी माया चांद्यावर गेली. आता हे पडले तर जाणार तो चांद्या. चांद्या गेला की टॅबलेट पालथा, आणि टॅबलेट पालथा पडला की तो हात कायमचा मांडीवर. खेळातल्या एका केसाळ बैलावर माझ्या नवऱ्याचा हात टांगलेला आहे, ही गोष्ट कुणाला सांगायचीही चोरी होती.

अशात पोळा आला.

आदल्या संध्याकाळी मी पुरणाची डाळ निवडत होते. गावी या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. पळसाच्या पानाने कोमट तूप-हळद लावतात, वर्षभर जू वागवलेल्या जागेवर. टॅबलेटातल्या गोठ्यात ना पळस, ना हळद. खेळात एक खरारा काय तो असतो. यांनी तो घेतला आणि चांद्याचा खांदा, फक्त खांदा, चोळायला सुरुवात केली. मग खैऱ्याचा. बोट थरथरत होतं, मध्येच घसरत होतं, हे पुन्हा जागेवर आणत होते. आणि मग, जो माणूस फाल्गुनापासून तीन शब्दांपुढे गेला नव्हता, तो खाली वाकून त्या काचेला स्पष्ट म्हणाला,

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

बैलांना पोळ्याचं जेवायचं आवतन आपल्याकडे असंच देतात. त्यांचे वडील देत, आजोबा देत. माझ्या हातातली डाळ ताटात सांडली. एक अख्खं वाक्य, एकही शब्द न अडखळता. इतके महिने ते वाक्य आत कुठे बसलं होतं, कुणाची वाट पाहत होतं, मला कळेना. मी तोंडाला पदर लावून आत निघून गेले, कारण मला रडताना पाहिलं की हे बोलायचे थांबतात.

पोळ्याच्या सकाळी खेळात घरापुढच्या फळ्यावर बातमी आली की आज रात्री वादळ. तिकडे गहू कापून रानात पेंढ्या पडलेल्या. भर श्रावणात गहू, पण तो देशच उलटा. पेंढ्या भिजल्या तर थंडीत बैलांना वैरण नाही. एरवी गाडी जुंपायची आणि दोन खेपांत काम फत्ते. यांनी गाडीला हातही लावला नाही. बैलांचे दोर सोडले, दोघांना मोकळ्या कुरणात घातलं. घरात खाण्याचं म्हणून काशीफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, पाय नावाची गोड भरली पोळी होती, खेळातली पुरणपोळीला सगळ्यात जवळची वस्तू. ती अर्धी चांद्याला भरवली, अर्धी खैऱ्याला. मग शेतात जाऊन पहिली पेंढी डोक्यावर घेतली.

दुपारी रितिकाचा व्हिडिओ फोन आला. मी फोन टेबलावर टॅबलेटकडे तोंड करून उभा केला. तिने बघितलं आणि किंचाळली.

"बाबा, काय करून राह्यले तुम्ही? पट्टी पाहा न! बैल काहून नाई जुंपत?"

"पोळा हाय," हे म्हणाले.

"अहो पण तो खेळ हाय! त्याईले काय माहीत पोळा! तिकडच्या लोकाईले पोळा माहीतच नाई!"

"चांद्याले माहीत हाय."

रितिका माझ्याकडे वळली. म्हणाली, आई, तू तरी सांग. मी म्हटलं, "अहो, ऐका. पेंढ्या भिजल्या तर भिजू द्या. नाहीतर जुंपा की एकदाची, देव काही रागावत नाही." ते माझ्याकडे असे बघायला लागले की मीच खाली मान घातली. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याला मी गोठ्यात बैलांच्या पाया पडले होते, तेव्हाही ते असेच बघत होते.

मग नुसतं बघणं राहिलं. हात टेबलावरून सरकायचा, पेंढी उचलली जायची, तो लहानसा माणूस बांधावरून घराकडे चालायचा, परत यायचा. प्रत्येक खेपेला हिरवी पट्टी आणखी आखूड. यांच्या कपाळावर घाम, श्वास जोरात. खरंच रानात असावेत असे दिसत होते. घरात खायला काही उरलं नव्हतं. होती ती भोपळ्याची पाय बैलांनी खाल्ली होती. बाहेर मैदानावर पोळा भरत होता, डफड्याचा आवाज येत होता, कुणीतरी भोंग्यावर झडत्या, पोळ्याची ती चढाओढीची गाणी, म्हणत होतं. मी पुरणपोळ्या केल्या, तुपाची वाटी भरली, ताट वाढून यांच्या शेजारी ठेवलं. त्यांनी ताटाला हात लावला नाही. पाहुण्यांच्या तोंडी पुरणपोळी पडली नाही तर यजमान कसा जेवणार, ते मला तेव्हा कळायला हवं होतं.

दिवस मावळायच्या सुमाराला शेवटची पेंढी राहिली. पट्टी केसाएवढी. "बाबा, सोडा ती," रितिका आता रडवेली होऊन म्हणत होती. "एका पेंढीनं काय होते? प्लीज, बाबा, चांद्या जाईन!"

बोट सरकलं. पेंढी उचलली. माणूस चार पावलं चालला आणि बांधावर कोसळला.

मी डोळे मिटले. मला पुढचं माहीत होतं. पडदा काळा होणार, करड्या अक्षरांची एक ओळ येणार, आणि सकाळी गोठ्यात एकटा खैऱ्या. माझ्या मनात त्या चार-पाच परदेशी माणसांना द्यायच्या शिव्यांची रांग लागली होती, त्याही शुद्ध मराठीत. पण तेवढ्यात घुंगरं वाजली.

बाहेरच्या मैदानातली असतील असं वाटलं. डोळे उघडले तर पडदा काळा झाला नव्हता. अर्धवट अंधारून थांबला होता. कुरणाच्या टोकाकडून काहीतरी येत होतं, हळूहळू, गवत बाजूला करत. दोन मोठी डोकी. चांद्या पुढे, खैऱ्या मागे. जू नाही, दोर नाही, कुणी हाकलतंय असंही नाही. आपल्या पायांनी, आपल्या मनाने ते बांधापर्यंत आले.

मी यांच्या खांद्याला घट्ट धरलं.

चांद्याने मान खाली घातली आणि पडलेल्या माणसाचा चेहरा हुंगला. डोळ्यांवरच्या त्या झिपऱ्या वाऱ्याने हलत होत्या. खैऱ्या पुढचे गुडघे टेकून खाली बसला. चांद्याने शिंगांनी, किती अलगद, माणसाला खैऱ्याच्या पाठीवर ढकललं. मग तोंडात ती शेवटची पेंढी धरली. आणि दोघं घराकडे निघाले. मागे टेकडीवर वीज चमकली, क्षणभर सगळं रान पांढरं झालं, आणि त्यातून ते दोन बैल आपल्या धन्याला घरी घेऊन चालले होते. मी आयुष्यात देवळं खूप पाहिली. रामटेकच्या गडावरून पहाट पाहिली आहे. पण हात जोडावेत असं इतकं आतून मला कधीच वाटलं नव्हतं, आणि ते एका काचेच्या तुकड्यापुढे वाटत होतं.

घराशी आल्यावर पडद्यावर एक ओळ उमटली. रितिकाने ती वाचली. "आई, लिहिलंय... 'ज्यांना तुम्ही विसावा दिला, ते तुम्हाला घरी घेऊन आले.' आई, हाच तो मार्ग. हे कुणी पाहिलंच नाही आजवर. कुणीच नाही."

बरोबरच आहे, पाहणार कसं? हाताशी बैल असताना, वर वादळ असताना, त्यांना दिवसभर मोकळं सोडून स्वतः ओझी वाहील असा वेडा त्या खेळात कुठून येणार? आणि तरी कुणीतरी, त्या थंड देशात, हे मांडून ठेवलं होतं. ही घुंगरं, हा टेकलेला गुडघा. कुणाला सांगितलं नाही, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, माझं पत्रसुद्धा निमूट वाचलं, आणि वाट बघत बसले की कधीतरी कुणीतरी बैलाला एक दिवस सुट्टी देईल. त्यांना पोळा कुणी शिकवला?

"आई," रितिका डोळे पुसत म्हणाली, "तुझं पत्र मागे घे आता."

"बघू," मी म्हटलं. शिक्षा कडक आहे, हे माझं मत अजूनही आहे. काबरी काही परत आली नाही.

पडद्यावर अंगणात पाऊस सुरू झाला होता आणि दोन्ही बैल दारापुढे उभे राहून बाहेर, आमच्याकडेच, बघत होते. वामनरावही त्यांच्याकडे बघत होते. मग हलकेच म्हणाले, "जेवाले आले."

त्यांनी ताटाकडे पाहिलं. डावा हात सवयीने पुढे गेला, पोळीला लागला, आणि मागे आला. डाव्याने देवाला देत नाहीत.

उजवा हात टेबलावर होता. तो सरकत ताटाच्या काठाला येऊन अडला. टेबल सोडून वर उठायचं म्हटलं की रोज असाच अडायचा. मी मदतीला हात पुढे केला आणि कसा कोण जाणे, मागे घेतला. यांचे ओठ घट्ट मिटलेले, मानेच्या शिरा ताठ. हात थरथरला, खाली बसला, पुन्हा थरथरला. आणि मनगट टेबलावरून उठलं. काठ ओलांडून आत गेलं. बोटं तुपात बुडाली, पोळीचा तुकडा त्यांनी कसाबसा तोडला, चिमटीत धरला. मग तो अख्खा हात, फाल्गुनापासून मेलेला हात, हवेत वर आला आणि टॅबलेटवर जाऊन थांबला.

"खा, चांद्या," ते म्हणाले.

रितिका तिकडे हुंदके देत होती. मैदानावर झडत्या संपून टाळ्या पडत होत्या. तुपाचे थेंब टपटप काचेवर पडले, चांद्याच्या केसाळ तोंडावरून खाली ओघळले. एरवी त्या टॅबलेटला कुणी ओला हात लावला तरी मी घर डोक्यावर घेते. त्या संध्याकाळी मी तुपाची वाटी उचलून यांच्या उजव्या हाताजवळ सरकवली, आणि म्हटलं, "खैऱ्या राह्यला न."